देवाची पाटी आणि माझा तडा

आधीच सांगतो, देवाशी माझं कधी वाकडं नव्हतं. फारशी सलगीही नव्हती. नाताळ, ईस्टर आणि चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण असेल तेव्हा मी न चुकता हजर, इतपत आमचे संबंध. असं असताना या वसंतात शेजारच्या दोन काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, ‘देवासाठी छातीचा कोट करणारा माणूस’ म्हणून माझं नाव झालं. लोक दोन-दोन तास गाडी चालवून माझा हात हातात घ्यायला येऊ लागले. हे कसं घडलं ते एकदा स्वच्छ सांगून टाकावं, कारण गावात सात जणांनी सात तऱ्हेने सांगितलं आहे आणि सातही तऱ्हांत मीच मूर्ख ठरतो. खऱ्या हकिकतीतही मीच मूर्ख ठरतो, पण जरा वेगळ्या तऱ्हेने.

मी व्हर्लिन क्रूझ. न्यू बर्गन गावाच्या कौन्सिलचा अकरा वर्षं सभासद. टाउन हॉलची इमारत माझ्या खात्यात आहे. ती मी मागून घेतली नाही. पहिल्याच सभेत मी सहज विचारलं होतं, “छपराची पन्हळ शेवटची कधी साफ केली?” आमच्या गावात जो प्रश्न विचारतो त्याच्या गळ्यात ते काम पडतं, हा रिवाज मला तेव्हा ठाऊक नव्हता. या रिवाजामुळे आमच्या सभा फार शांततेत होतात.

तर या टाउन हॉलच्या दर्शनी भिंतीला, दाराच्या बरोबर वर, एक तडा गेला होता. तो मी मागच्या वर्षी स्वतः शिडीवर चढून बुजवला. बुजवताना खाली चारपाच मंडळी जमली होती, त्यांनी कौतुक केलं आणि मी “त्यात काय एवढं” असं म्हटलं. या एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि तडा पुन्हा उघडला, पहिल्यापेक्षा रुंद. मी भरलेला मसाला त्यातून जिभेसारखा बाहेर आला होता. जूनमध्ये हॉलला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. बँड ठरला होता, फोटोग्राफर ठरला होता आणि गावाचा सामुदायिक फोटो त्याच दारासमोर काढायचा होता. म्हणजे शंभर वर्षांच्या इतिहासात माझा तडा सगळ्यांच्या डोक्यावर कायमचा दिसणार होता.

माझं आणि आर्विड टॉलफसनचं या तड्यावर बोलणं झालं होतं. आर्विड रस्त्यापलीकडे राहतो. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला. गेली सत्तावीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला तो माझ्या गॅरेजमध्ये कॉफीला येतो. दोन घडीच्या खुर्च्या आहेत, एक त्याची, एक माझी. दार वर उचलायचं आणि रस्त्याकडे बघत बसायचं. तो देव मानत नाही. पण चर्चच्या पायऱ्यांवरचं बर्फ हिवाळाभर तोच काढतो, कारण बाकीच्यांना ते नीट काढता येत नाही असं त्याचं ठाम मत आहे.

“भिंत तुला काहीतरी सांगतेय,” आर्विड म्हणाला होता. “आणि तू तिच्या तोंडात बोळा कोंबतोयस.”

“मग काय करू म्हणतोस?”

“खाली बघ. पाया बघ. पाणी कुठे मुरतंय ते बघ.”

पाया बघायचा तर खणायला हवं, खणायचं तर अर्ज हवा आणि अर्ज हवा म्हणजे सभेत प्रश्न विचारायला हवा. मी पाया बघितला नाही.

त्याच आठवड्यात माझा मेहुणा गॉर्डी पाटी घेऊन आला. गॉर्डी म्हणजे लावॉनचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. तोही कौन्सिलवर आहे. त्याला फुकट मिळणाऱ्या कुठल्याही वस्तूचा मोह आवरत नाही. सरकारी इमारतींवर लावायला फुकट पाट्या देणारी कुठलीशी मंडळी त्याला जत्रेत भेटली होती. निळी पाटी, सोनेरी अक्षरं : ‘देवावर आमचा भरवसा आहे’. आमच्या डॉलरच्या नोटेवर, नाण्यावर असतं तेच.

“दाजी, बघा तरी केवढी आहे,” गॉर्डी म्हणाला.

मी अक्षरं वाचलीच नाहीत. खिशातून टेप काढला. पाटी बरोबर आठ फूट. तडा सात फूट दोन इंच. मला त्यात ईश्वरी संकेत दिसला, हे मी नाकारत नाही.

सभेत हा विषय मोकाट कुत्री आणि बर्फ काढायची गाडी यांच्या मध्ये आला. चार मिनिटांत चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. कोणी प्रश्न विचारला नाही, कारण रिवाज. शनिवारी मी दहा स्क्रू मारून पाटी लावली. खाली उतरून पाहिलं तर तड्याचा मागमूस नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवारी सकाळी आर्विड आला नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी मी दोन कप कॉफी ओतून बसलो आणि दोन्ही प्यायलो. रस्त्यापलीकडे त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसत होता. गुरुवारी टपालाने पत्र आलं. त्याचं घर माझ्यापासून चाळीस पावलांवर आहे. पण पत्र रीतसर तिकीट लावून टाकलं होतं, म्हणजे ते छाटणीसाठी मिनियापोलिस शहरात जाऊन परत आलं होतं. मी स्वतः तिथे आयुष्यात चारदा गेलो आहे.

‘माननीय कौन्सिल सदस्य श्री. व्ही. क्रूझ यांस,’ अशी सुरुवात होती. पुढे दोन पानं टंकलिखित. सारांश असा की टाउन हॉल सगळ्यांचा आहे, मानणाऱ्यांचा आणि न मानणाऱ्यांचाही. सरकारी भिंतीने कोणाचा कशावर भरवसा आहे हे ठरवू नये. तीस दिवसांत पाटी उतरवली नाही तर आपण कोर्टात जाऊ. तळटिपा सहा. मुद्दे मला पटण्यासारखेच होते. पण ते ‘माननीय’ मात्र जिव्हारी लागलं. सत्तावीस वर्षांत त्याने मला ‘अरे’शिवाय हाक मारली नव्हती.

“जा आणि दार ठोठाव,” लावॉन म्हणाली. “सांग त्याला, पाटी तड्यासाठी आहे म्हणून.”

“म्हणजे तो म्हणणार, ‘मी सांगितलं होतं.’”

“सांगितलंच होतं त्याने.”

“तेच तर म्हणतोय मी.”

लावॉनने माझ्याकडे पाहिलं, आणि ती भांडी घासायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारात हे असं भांडी घासणं मी चांगलं ओळखतो.

कौन्सिलचे वकील ड्वेन पॉस्पिशिल काउंटीच्या गावाहून आले. थकलेला माणूस. त्यांनी गॉर्डीला आणि मला बसवून कायदा समजावला. तो मला समजला तसा सांगतो. पाटी टिकवता येईल. मात्र ती लावण्यामागचा हेतू धार्मिक नव्हता, हे आम्ही लेखी द्यायचं. पाटी देशाच्या परंपरेसाठी आहे, आणि तिच्यावरचा ‘देव’ हा शब्द वर्षानुवर्षांच्या वापराने इतका गुळगुळीत झाला आहे की वाचणाऱ्याच्या मनात भक्तिभाव वगैरे काही येत नाही, असं प्रतिज्ञापत्र.

“म्हणजे पाटीवर देव ठेवायचा असेल,” मी म्हणालो, “तर त्याचा देवाशी संबंध नाही असं लिहून द्यायचं?”

“मी कायदा केलेला नाही,” पॉस्पिशिल म्हणाले. “मी फक्त तासाच्या दराने थकतो.”

गॉर्डीने लगेच सही केली. तो काहीही वाचत नाही. मसुदा नियमाप्रमाणे हॉलच्या सूचना फलकावर टाचला गेला आणि दुसऱ्या दिवशी पास्टरबाईंनी तो वाचला.

आमच्या लुथरन चर्चच्या पास्टरबाई सॉलवेग म्हणजे पाच फूट उंचीचा, शांत आवाजाचा ऐवज. त्यांनी कधी आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही, आणि तेच भीतीदायक आहे. त्या तडक माझ्या घरी आल्या.

“व्हर्लिन, तुम्ही असं लिहून देणार, की तिथे लिहिलेल्या देवाला काही अर्थ नाही?”

“कायद्यापुरता नाही, बाई.”

“मी रोज ज्याच्यापुढे बसते त्याला तुम्ही पन्हळीसारखा भिंतीला अडकवलात. आणि आता म्हणता, काळजी करू नका, आत पाणी नाही.”

मी त्यांना लिंबाची वडी दिली. त्यांनी ती खाल्ली नाही. जाताना त्या रस्ता ओलांडून आर्विडकडे गेल्या आणि तिथे तासभर होत्या. खिडकीतून मी बघत होतो असं लावॉन म्हणते. मी पडद्याची दोरी बघत होतो. त्या दिवसापासून गावात देव मानणारी सर्वांत पक्की बाई आणि देव न मानणारा एकुलता एक माणूस एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला गॉर्डी, मी आणि तडा.

मग सल्ले सुरू झाले. दुकानात, पोस्टात, पेट्रोल भरताना. एकाने सांगितलं, पाटी उतरव आणि नोटांचीच चौकट करून लाव, नोटेवर खटला कोण भरणार? दुसऱ्याचं म्हणणं, त्याच मापाच्या पाटीवर ‘पायरी सांभाळा’ असं लिहावं, त्याने कोणाच्या भावना दुखत नाहीत. कॅथलिक मंडळींनी चौकशी केली की पाटीचा निळा रंग लुथरन निळा आहे का. आणि सगळ्यांचा शेवट एकच : “अरे, उतरवून टाक ना, विषय संपव.”

आणि तेवढंच मला करता येत नव्हतं. पाटी उतरवली की तडा उघडा. मी म्हणायचो, “पाटी उतरणार नाही.” कारण सांगता येत नव्हतं, म्हणून आवाज जरा जास्तच ठाम निघायचा. झालं. साप्ताहिकात माझा फोटो आला, खाली लिहिलं होतं, ‘क्रूझ डगमगत नाहीत’. परगावाहून मंडळी यायला लागली. कोणी हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाट्या-मांसाचा थर, आणायचं, कोणी भोपळ्याचा केक. एकदा आठ जणांनी मला हॉलच्या पायरीवर गाठलं, माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि सगळे डोळे मिटून उभे राहिले.

“तुम्हीही मागा, बंधू,” त्यांतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. “मनात जे असेल ते.”

मला आधी पळून जावंसं वाटलं. पण आठ हात खांद्यावर असताना पळता येत नाही. डोळे मिटले आणि मग, का कोण जाणे, मी खरंच काहीतरी मागितलं. ते पाटीबद्दल नव्हतं आणि तड्याबद्दलही नव्हतं. तेव्हा तीन आठवडे मी रोज सकाळी दोन कप कॉफी एकटाच पीत होतो आणि त्याने पित्त वाढलं होतं.

जाहीर सुनावणी मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी झाली. हॉल भरला होता. आमच्याकडे बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात आणि क्लार्क आर्डिस ती अंडी उकडायच्या घड्याळाने मोजते. घड्याळ कोंबडीच्या आकाराचं आहे. त्या कोंबडीपुढे गावातल्या भल्याभल्यांची वाक्यं अर्धवट राहिली आहेत.

पास्टरबाई बोलल्या, तेच, पण आणखी हळू आवाजात. गॉर्डी परंपरेवर बोलला आणि मधेच मोकाट कुत्र्यांवर गेला. मग आर्विड उठला. मला वाटलं, आता तळटिपा काढणार. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

“कायद्याचं मी लिहून दिलंय,” आर्विड म्हणाला. “मला दुसरंच बोलायचंय. व्हर्लिन माझा शेजारी आहे. सत्तावीस वर्षं मी त्याच्याकडे रोज सकाळी बसतोय. त्याच्या मनात देवाबद्दल एवढं काही आहे, की त्यासाठी तो गावाशी भांडेल, हे मला कधी कळलं नाही. मी कधी विचारलं नाही. ती चूक माझी. पाटीला माझा विरोध आहे, तो राहील. पण माझ्यासमोर बोलायला त्याला संकोच वाटला असेल, तर त्याचं मला वाईट वाटतं.”

तो खाली बसला. कोंबडीची अजून दीड मिनिटं उरली होती, ती टिकटिकत होती आणि त्या टिकटिकीत मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. भांडायला आला असता तर मी भांडलो असतो. त्याने माझी माफी मागितली.

पॉस्पिशिलनी प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे सरकवलं. “क्रूझ, शपथेवर. पाटी लावण्यामागे तुमचा हेतू धार्मिक होता का?”

“नाही,” मी म्हणालो.

“देशाच्या परंपरेचा गौरव हा हेतू होता, असं लिहू?”

“तोही नव्हता.”

पॉस्पिशिलनी चष्मा काढला. “मग काय होता?”

“तडा,” मी म्हणालो.

कोंबडी वाजली.

मग सांगावं लागलं सगळं. सात फूट दोन इंच, आठ फूट, दहा स्क्रू. मागच्या बाकावर परगावची आठ मंडळी बसली होती, त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. सगळा हॉल बाहेर गेला, अजून चांगला उजेड होता. मी शिडी लावली आणि स्क्रू काढले. पाटी निघाली तशी माझ्या मसाल्याचा हातभर तुकडा सुटला आणि गॉर्डीच्या बुटावर पडला. तडा आता दाराच्या चौकटीपर्यंत उतरला होता आणि त्यात माझी तीन बोटं मावली.

“तीस वर्षं वकिली करतोय,” पॉस्पिशिल हळूच म्हणाले. “याहून निधर्मी हेतू मी पाहिलेला नाही.”

पुढचं भराभर झालं. काउंटीचा इंजिनिअर आला, खणून पाहिलं, डाव्या अंगाला पाया खचला होता. छपराचं सगळं पाणी थेट इमारतीच्या पायात सोडलेलं होतं. “हा पन्हळीचा पाइप इकडे कोणी वळवला?” त्याने विचारलं. तो मी वळवला होता, दोन वर्षांपूर्वी, स्वतःच्या हातांनी, आणि तेव्हाही चारपाच मंडळी जमली होती. हॉलला प्रवेशबंदीची पिवळी पट्टी लागली. शंभरीचा सोहळा लुथरन चर्चच्या तळघरात करावा लागला, दुसरी एवढी मोठी जागा गावात नाही. म्हणजे सरकारी भिंतीवरून देव उतरवून आम्ही सगळं सरकार देवाच्या घरात नेऊन बसवलं. आर्विड तिथे कॉफीचं मोठं भांडं उचलून आणत होता.

“भाडं रीतसर दिलंय ना?” त्याने आर्डिसला विचारलं.

“दिलंय.”

“मग ठीक,” आर्विड म्हणाला, आणि पास्टरबाईंनी त्याला हॉटडिशचा जळका कोपरा वाढला, जो त्याला आवडतो.

माझ्याशी मात्र तो काही बोलला नाही. गावाच्या फोटोत आम्ही दोन टोकांना आहोत.

पाटी गॉर्डीने परत पाठवली नाही. परत करायला टपालखर्च लागतो. ती माझ्या गॅरेजमध्ये आठवडाभर भिंतीला टेकून होती. रविवारी मी ती खुर्च्यांच्या वरच्या भिंतीवर लावली. लावॉनने दारातून पाहिलं. या वेळी ती भांडी घासायला गेली नाही.

सोमवारी साडेसहाला मी दार वर उचललं तर आर्विड रस्ता ओलांडत होता. आला, आपल्या खुर्चीत बसला, मी कॉफी दिली. रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला. ‘मी सांगितलं होतं’ हे तो आता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला नाही. पायरीवर आठ जणांच्या हातांखाली डोळे मिटून मी जे मागितलं होतं, ते समोर बसून कॉफीवर फुंकर घालत होतं.

मग त्याची नजर वर गेली. त्याने कप खाली ठेवला, खिशातून छोटी बॅटरी काढली, उठून पाटीची कड धरून थोडी पुढे ओढली आणि मागे उजेड टाकून चांगला वेळ पाहिलं.

“इथे तर काहीच नाही,” तो म्हणाला. “भिंत धड आहे.”

“हो.”

“मग लावण्यामागे हेतू काय?”

“धार्मिक,” मी म्हणालो.

आर्विडने बॅटरी विझवली. माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, मग बसून कॉफीचे दोन घोट घेतले.

“तुझी भिंत आहे,” तो म्हणाला. “पण अरे, डावीकडे अर्धा इंच खाली गेलीय. पाणसळ आण.”

मी पाणसळ आणली. त्याने एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही ती काढून पुन्हा लावली.